हाक मारल्याशिवाय आत नाही

मी चोर नाही. दिवाळीच्या अंकातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये हे मला कळतं. पण गेल्या दोन वर्षांत नगरमध्ये माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते ज्यांच्या कानावर आलंय, त्यांना माझं नाव वाचून आधी तेच आठवणार. मग म्हटलं, आपणच बोलून टाकावं. ज्यांनी काही ऐकलेलं नाही त्यांनीही घाबरू नये, सगळं सांगणार आहे. माझी चूकसुद्धा.

नगरच्या सावेडी भागात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं झाली. सुरुवातीला गिऱ्हाईक आत यायचं, इकडंतिकडं बघायचं आणि विचारायचं, "मेकॅनिक कुठं गेलेत?" मी म्हणायचे, मीच. "तसं नाही, दुरुस्त कोण करतं?" मग मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्यांच्या डब्याचं झाकण उघडायचे. हातच्या कांकणाला आरसा कशाला. एकजण तर डबा परत उचलून घेऊन गेला आणि चार दिवसांनी दुसरीकडून अजून बिघडवून माझ्याकडेच आला. त्याला मी अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं. काम नव्हतं, उगीच बसवलं. अजूनही त्याचं वाईट वाटत नाही.

पुढं इंटरनेट गावोगाव पोचलं आणि माझं निम्मं काम दुकानात बसून होऊ लागलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तुमच्या संगणकावर एक छोटा प्रोग्राम टाकायचा. तो तुमच्या यंत्राला एक लांबलचक नंबर देतो. तो नंबर तुम्ही मला फोनवर सांगितला आणि मी माझ्याकडं टाकला की तुमच्या पडद्यावर एक चौकट उमटते: अमुक व्यक्ती आत येऊ पाहते आहे, येऊ द्यायचं का? तुम्ही 'हो' दाबलं की तुमचा पडदा मला इथं दिसतो आणि माझा माउस तुमच्याकडं फिरतो. तुम्ही तिकडं अकोले तालुक्यात, मी सावेडीत. दुसरी पद्धत म्हणजे कायमचा पासवर्ड. तो ज्याच्याकडं आहे तो कधीही आत येतो, समोर कुणी बसलेलं असो वा नसो, चौकट नाही की विचारणं नाही. घराची किल्ली शेजारी ठेवतात ना, तसं. सोयीचं असतं. शेजार कसा आहे त्यावर सगळं अवलंबून.

या कामाला लोक दोन नावं ठेवतात. एक, बसल्या जागेवर कमाई. दुसरं, ही चोरांची विद्या. फोन करून लोकांना फसवणारे हेच प्रोग्राम वापरतात, म्हणून मीही त्यांच्यातलीच. विळीनं भाजीही चिरतात आणि बोटही कापतं. म्हणून कुणी स्वयंपाकघरातून विळी हद्दपार केल्याचं मी ऐकलेलं नाही.

पारनेर तालुक्यातले एक निवृत्त सुभेदार माझे गिऱ्हाईक होते. मी त्यांच्या संगणकात शिरले की ते खुर्चीतून उठून उभे राहायचे. फोनवर मला खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा आणि मागोमाग हुकूम, "अगं, ताई आल्यात. चहा ठेव." आणि त्यांच्या पत्नी खरोखर पडद्यासमोर कपबशी आणून ठेवायच्या. मी म्हणायचे, काका, मी इथं नगरला आहे. ते म्हणायचे, "ते ठीक. पण घरात आलाय ना तुम्ही?" तेव्हा मी हसले होते. पुढं जे झालं त्यानंतर मला ते हसण्यासारखं वाटेनासं झालं.

पण खरं शिकवलं ते शनी शिंगणापूरच्या भानुदास आप्पांनी. आप्पांचं पूजेच्या सामानाचं दुकान रस्त्यावर आणि संगणक घरी. घरी सून ऑर्डरी टिपून ठेवायची, त्या दुकानात बसून दिसाव्यात एवढीच त्यांची मागणी. प्रोग्राम टाकला, आणि पासवर्डापाशी आप्पा अडले.

"आमच्या घराला दार न्हाई, कपाटाला कुलूप न्हाई. अन् या डबड्याला कुलूप? लोक काय म्हनतील?"

मी तासभर समजावलं. शेवटी प्रोग्राम पासवर्डाशिवाय पुढं सरकेना, म्हणून आप्पांनी तोडगा काढला: एक, एक, एक, एक. आणि तो त्यांनी यंत्राच्या नंबरासकट गल्लीत सगळ्यांना सांगून टाकला. "कवाबी या, एक-एक-एक-एक." मी दमले होते, म्हटलं जाऊ दे. ही माझी पहिली चूक.

महिन्याभरात आप्पांचा फोन आला. दुपारी ते घरी संगणकासमोर बसले होते, तर पडद्यावरचा बाण आपोआप चालायला लागला. त्यानं एक फाईल उघडली, दुसरी उघडली. तुम्ही-आम्ही असतो तर वायर उपटली असती. आप्पांनी काय केलं? समोर उघड्या असलेल्या पानावर एकेक अक्षर शोधत टाइप केलं: कोन हाय? बाण जागच्या जागी थांबला. आप्पांनी पुढं लिहिलं: बस. पानी पी. आणि तो जो कोण होता तो तिथून जो पळाला तो पळालाच.

मी फोनवरच तोंड सोडलं. म्हटलं, आप्पा, सांगत होते ना मी, कुलूप लावा!

"ताई, तुमी दाराचं काय घिऊन बसलाय," आप्पा शांतपणे म्हणाले. "आमच्यात दार न्हाई म्हनून काय कुनीबी आत घुसतंय व्हय? अंगनात उभं ऱ्हायाचं, हाक मारायची. 'हाय का कुनी?' आतनं 'या' म्हनलं की मंग यायाचं. कुनी न्हाईच बोललं तर उलट्या पावली जायाचं. ज्यानं हाक मारली न्हाई त्यो चोर. मंग त्यो घरचा का असंना."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः शिंगणापूरला गेले. पासवर्ड बदलला, आणि शिवाय येणाऱ्याला विचारल्याशिवाय आत येता येणार नाही अशी चौकट बसवली. ती पडद्यावर उमटलेली बघून आप्पांनी मान डोलावली. "ही बरी हाय. ही हाक मारती."

त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. मालक समोर असेल, त्यानं 'या' म्हटलं असेल, तरच आत. गिऱ्हाइकं वैतागायची. "आम्ही शेतात आहोत, तुम्ही करून टाका की." नाही. घरी जा, मग करते.

आणि मग लॉकडाऊन आला, आणि मी माझाच नियम मोडला.

एका शिक्षणसंस्थेच्या नऊ शाळांचं काम माझ्याकडं होतं. संस्थेचं नाव लिहीत नाही. भिऊन नव्हे, नाव लिहिलं तर तुम्हाला वाटेल की हे दुखणं त्या एकाच संस्थेचं आहे. शाळा बंद, शिक्षक घरी, अकोल्याकडच्या डोंगरात रेंज कधी आहे कधी नाही. फोन लागला तर संगणकापाशी कुणी नाही, माणूस संगणकापाशी पोचला तर फोन लागत नाही. शेवटी मी नऊच्या नऊ मुख्याध्यापकांच्या संगणकांवर कायमचा पासवर्ड टाकला आणि चौकट बंद केली. सगळीकडं एकच पासवर्ड. संस्थेच्या कार्यालयातून विचारणा झाली, "आमच्याकडंही असू द्या, अडीअडचणीला." मी कागदावर लिहून दिला. लॉकडाऊन उठला, शाळा भरल्या, सगळं सुरळीत झालं. पासवर्ड तसाच राहिला. आज काढू, उद्या काढू. सोय माणसाला किती लवकर सवयीची होते हे मी दुसऱ्यांना ऐकवायचे.

त्या नवांपैकी एक शाळा अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला. शाळेला जोडून मुलींचं वसतिगृह. मुख्याध्यापिका भांगरे बाई त्याच भागातल्या. त्यांच्या संगणकाच्या पडद्यावर त्यांनी वसतिगृहातल्या मुलींचा फोटो लावला होता, भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या मुली. मी त्यांना एकदा समजावून सांगितलं होतं: बाहेरून कुणी आत आलं की हा प्रोग्राम पडद्यामागचा फोटो काढून टाकतो, नुसतं काळं दिसतं, म्हणजे कमी रेंजमध्येही काम होतं. माणूस बाहेर पडला की फोटो परत येतो. आणि मध्येच रेंज गेली तर बिचारा फोटो परत यायचा राहून जातो.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्यानंतर, बाईंचा फोन आला. "ताई, तुम्ही काल माझ्या संगणकात आल्या होत्या का?"

"नाही बाई. का?"

"माझ्या मुली गेल्या. सगळं काळं झालंय."

मी म्हटलं, बाई, मी आत्ता येते, परवानगी आहे का? त्या म्हणाल्या, या. आत गेले. हा प्रोग्राम कोण कधी आलं याची नोंद ठेवतो, ते फार कुणाला माहीत नसतं. संस्थेच्या कार्यालयातल्यांनाही नव्हतं. नोंदीत आठ दिवसांत सहा वेळा एकच नंबर. कार्यालयाचा. आणि सहाही वेळा बाई वर्गावर असतानाच्या. त्यांचं वेळापत्रक कार्यालयात होतं, त्यांनीच पाठवलेलं.

"बाई, तुम्ही या आठ दिवसांत या संगणकावर काय लिहिलंत?"

मग बाईंनी सांगितलं. वसतिगृहातल्या न्हाणीघरांची दारं कुजून पडली होती. दोन वर्षं. मुली अंघोळीला जाताना एक आत जायची आणि दोघी बाहेर चादर धरून उभ्या राहायच्या. मोठ्या मुली पहाटे अंधारातच अंघोळ उरकायच्या. आदल्या महिन्यात कुणीतरी पलीकडच्या कुंपणावरून मोबाईल धरलेला मुलींनी पाहिला. बाईंनी कार्यालयाला तीन वेळा कळवलं, उत्तर नाही. तेव्हा त्या वर, सरकारदरबारी, पत्र लिहायला बसल्या. नोकरीची भीती होती. म्हणून आठ दिवस एकच पत्र खोडत होत्या, लिहीत होत्या. कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

"आणि परवा कार्यालयातून फोन आला," बाई म्हणाल्या. "'बाई, दारांचं आपण आपसात बघू की, बाहेर कशाला जाता?' मी चक्रावले. यांना कसं कळलं? दोघी मुली माझ्या टेबलापाशी येऊन जायच्या, त्यांनीच पडद्यावर वाचलं असेल असं वाटलं हो ताई. दोघींना मी रागावले."

तेव्हा मी बोलले ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण त्यांच्याइतके जड शब्द मी आयुष्यात उचललेले नाहीत. "बाई, मुलींनी नाही सांगितलं. किल्ली मी दिली होती."

मला वाटलं, बाई शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मग आता तुम्ही काय करणार?"

मी काय केलं ते सांगते. नऊही मुख्याध्यापकांना एकेक करून फोन लावले, त्यांना यंत्रापाशी बसवलं, काय झालंय ते सांगितलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो पासवर्ड काढून चौकट परत बसवली. संध्याकाळपर्यंत नऊ घरांना नऊ अंगणं मिळाली. एक मुख्याध्यापक म्हणाले, "कशाला उगीच वाकड्यात शिरता?" मी म्हटलं, सर, वाकड्यात मी आधीच शिरले होते, आता बाहेर पडतेय.

तिसऱ्या दिवशी अध्यक्षसाहेबांचं बोलावणं आलं. साहेब म्हणजे गोड माणूस. पंधरा वर्षांत एकदाही माझ्याशी आवाज चढवून बोलले नव्हते. चहा आला, बिस्किटं आली.

"ताई, तुम्ही तर आमच्या घरच्या," साहेब म्हणाले. "गैरसमज झालाय. ते पहिल्यासारखं करून टाका. ती चौकट, आणि कुणी आत असलं की ते खाली कोपऱ्यात चिन्ह दिसतं ना, तेही दिसायला नको. उगाच बाईंना कामात व्यत्यय."

"साहेब, बाईंना विचारलंय का?"

"त्यात विचारायचं काय? संगणक संस्थेचा, वीज संस्थेची, बाईंचा पगार संस्थेतून. माझ्याच संगणकात मी जायचं नाही?"

मुद्दा बिनतोड होता, निदान त्यांना तरी तसं वाटत होतं. आणि नऊ शाळा म्हणजे माझ्या दुकानाचा कणा. मग मला आप्पा आठवले, अंगणात उभे.

"जा की साहेब," मी म्हटलं. "तुमचाच आहे. पण हाक मारून जा. घर भाड्यानं दिलं म्हणून मालक भाडेकरणीच्या न्हाणीपाशी न विचारता जाऊन उभा राहतो का? आणि तुमच्या वसतिगृहात तर त्या न्हाणीला दारसुद्धा नाही."

साहेबांनी कप खाली ठेवला. गोडवा कुठल्या कुठं गेला. "उद्यापासून येऊ नका."

"उद्यापासून कशाला, हे बघा आत्ताच चालले," मी म्हटलं. बिस्किटाला हात लावला नव्हता, ते बरं झालं.

दुकानात आले आणि माझ्या लेटरहेडवर सगळं लिहिलं. पासवर्ड मी कधी टाकला, का टाकला, कुणाला दिला, काढायला हवा होता तेव्हा काढला नाही, ही माझी चूक. खाली सहा वेळांची नोंद. खाली माझी सही, शिक्का. माझ्या नवऱ्यानं वाचलं आणि म्हणाला, "तुझी चूक तू स्वतःच कशाला लिहितेस? तेवढं गाळ." मी म्हटलं, ते गाळलं तर बाकीच्यावर कोण विश्वास ठेवेल? दुसऱ्या दिवशी एसटीनं संगमनेर, तिथून अकोले, पुढं जीप. कागद बाईंच्या हातात दिला. म्हटलं, तुमच्या पत्राला जोडा. बाईंनी उभ्या उभ्या वाचला, वर्गातून त्या दोन मुलींना बोलावलं, आणि माझ्यासमोर त्यांना म्हणाल्या, "मी तुम्हाला उगीच रागावले. चुकलं माझं." मुली लाजल्या. मुख्याध्यापिका मुलींची माफी मागते हे मी पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

पत्र त्याच दुपारी गेलं.

चौकशीला माणसं आली. न्हाणीघरांना दारं बसली, पत्र्याची आहेत, आतून कडी आहे. आणि नगरमध्ये बातमी सुटली की सावेडीतल्या त्या बाईच लोकांच्या संगणकात घुसतात, संस्थेनं पकडलं म्हणून हाकललं. चोराच्या उलट्या बोंबा. माझी निम्मी गिऱ्हाइकं गेली. काही समोरून यायची ती रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली. एका ओळखीच्या डॉक्टरांनी विचारलं, "खरं आहे का हो?" मी म्हटलं, अर्धं खरं आहे, उरलेल्या अर्ध्यासाठी माझ्या कागदाची झेरॉक्स देऊ का? आणि दिली. त्या कागदाची एक प्रत मी दुकानात काउंटरवर काचेखाली लावून ठेवलीय. अजूनही आहे. या, वाचा. माझी चूकही त्यात आहे, त्यांचीही आहे. दोन्ही एकाच शाईत.

भांगरे बाईंची बदली झाली, पार लांब, संस्थेच्या पारनेरकडच्या शाळेत. डोंगर आणि भातखाचरं सोडून कोरड्या माळावर. मला त्याची सल आहे. बाई म्हणतात, दारं बसली ना, मग मी कुठंही राहीन. त्यांचं मोठेपण माझ्या पदरात टाकू नये त्यांनी, मला ते पेलत नाही.

पंचाहत्तरीचे आप्पा मात्र एकदा खास दुकानात आले, बाकावर बसले, काचेखालचा कागद माझ्याकडून वाचून घेतला. "लई ब्येस लिवलंय," म्हणाले. आणि जाताना बाहेर उभ्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात, "हिच्या हाती किल्ली द्या. ही हाक मारती." त्या एका वाक्यावर माझं दुकान आणखी वीस वर्षं चालेल.

बाईंच्या नव्या शाळेतला संगणक परवा फार हळू चालत होता. संस्थेनं माझ्या जागी दुसरा माणूस ठेवलाय, पण बाईंनी निरोप मलाच पाठवला, सवडीनं बघा म्हणून. सवड झाली. त्यांचा नंबर टाकला. त्यांच्या पडद्यावर चौकट उमटली असणार: अमुक व्यक्ती आत येऊ पाहते आहे. मी वाट बघत बसले. आणि माझ्या पडद्यावर उत्तर आलं: परवानगी नाकारली.

दुसऱ्या मिनिटाला बाईंचा फोन. "ताई, राग नाही ना? आत्ता नको. पत्र लिहितेय. इथल्या शाळेत प्यायला पाणी नाही."

मी म्हटलं, लिहा बाई, सावकाश लिहा. सत्तावीस वर्षांत मला पुष्कळांनी दारातून परत पाठवलं, पण इतका आनंद कधीच झाला नव्हता. मी अंगणातच बसून राहिले.